मिठाची गुळणी

भाभी,

तुम्ही झोपेत गेलात यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. समाचाराला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला नाही, झोपेतच गेली. मी मान डोलावते आणि कपबशा गोळा करते. मनात मात्र पाल चुकचुकत असते. पान पडलं तरी जागी होणारी बाई तुम्ही. वाडीत चिकू गळला तर कुठल्या झाडाखाली पडला ते अंथरुणातून सांगायचात. तुम्हाला काहीतरी होत होतं, ते तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत, असा माझा संशय आहे. न सांगणं ही तुमची जुनी खोड. विचारलं की मिठाची गुळणी धरून बसायचं, वर हसायचं.

मला संशयी म्हणा, काही हरकत नाही. हयातभर म्हणतच होतात. "सुधा तो पाण्यालापण विचारते, तू कुठून आलं," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. तुमचं मराठी शेवटपर्यंत अर्धं उंबरगावचंच राहिलं. माहेर गुजरातच्या हद्दीतलं म्हणून सगळं वरोर गाव तुम्हाला भाभी म्हणायचं, आणि धाकटी जाऊ असूनही मीसुद्धा तेच म्हणत राहिले. मी सिन्नरची. मास्तरकीची नोकरी लागली म्हणून या खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात आले, इथेच लग्न झालं आणि तुमच्या घरात येऊन पडले.

आपल्यात भांडणं पुष्कळ झाली, पण मिटायचं राहिलेलं एकच. ते तुम्हालाही माहीत आहे. माझा केतन तान्हा होता तेव्हा तुम्ही त्याच्या गुटीत जायफळाचे वळसे जास्त घालत होतात की नाही? घालत असलात तर कशासाठी? हा प्रश्न मी तुम्हाला किती वेळा विचारला असेल. सरळ विचारला, आडून विचारला, रागाने विचारला. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. आता तुम्ही गेलात आणि उत्तर भलत्याच माणसाकडून मिळालं. ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. पण मास्तरीण आहे, पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला येत नाही.

संशयाची सुरुवात सरबतापासून झाली. माझा या घरातला पहिला उन्हाळा. मी शाळेतून चालत आले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तुम्ही लगबगीने लिंबू कापलंत आणि चमचा हातात धरून विचारलंत, "मीठुं वधारे नाखूं?" आता मराठी माणसाने यातलं मीठ ऐकावं आणि गप्प बसावं. पण मी जरा जास्तच शहाणी. मनाशी म्हटलं, आपल्यात मीठ म्हणजे मीठ, पण या पडल्या गुजराती. यांच्यात मिठाई, मीठी बोली, सगळं गोडाचं. म्हणजे या साखरेचं विचारताहेत. "हो, भरपूर घाला," मी म्हणाले, "मला तसंच आवडतं." तुम्ही माझ्याकडे जरा टक लावून पाहिलंत आणि नव्या नवरीचं मन मोडू नये म्हणून घातलंत भरपूर.

मी तो पेला लाजेकाजेने संपवला. मग परसात जाऊन भडाभडा ओकले. सासूबाई दारात उभ्या होत्या. नवी सून ओकते म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार! दिवेलागणीपर्यंत आळीभर झालं, सुधाला दिवस गेले. चिंचणीहून पेढे आले. ते पेढे तुमच्या हातून वाटले गेले, भाभी. तुमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि तुमच्या पोटी काही नव्हतं. खरं काय ते मी सांगेपर्यंत अर्धे पेढे वाटून झाले होते. सासूबाई माझ्यावर चिडल्या आणि मी तुमच्यावर. मला वाटलं, या बाईने मला मुद्दाम मिठाचं पाणी पाजून चारचौघांत फजिती केली. पुढे कधीतरी बाजारात कळलं की त्यांच्यातही मीठुं म्हणजे मीठच, मीच मागून घेतलं होतं. तेव्हा संशय जायला हवा होता. पण तोवर मला त्याची सवय झाली होती.

त्यानंतर तुमच्या हातचं औषध मी सरळ कधी घेतलं नाही. तुमचे उपाय तसे साधे, घरातल्या डब्यातले नाहीतर परसातले. घामोळं आलं की ताडगोळ्याची साल चोळायची. तोंड आलं की जाईची पानं चावायला लावायची. डोळ्याला रांजणवाडी झाली की लवंग उगाळून बोटाच्या टोकाने लावायची, डोळ्यात जाऊ न देता. पाय मुरगळला की आंबेहळदीचा लेप. आळीतल्या बायका पोरं घेऊन यायच्या आणि तुम्ही पोराचं पोट दाबून, जीभ बघून काहीतरी द्यायचात. "कंई नथी," असं म्हणायचात. काही झालेलं नाही, जा खेळ. ताप अंगात मुरला असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र तुम्ही हात लावायचा नाहीत, लगेच डहाणूच्या डॉक्टरची वाट दाखवायचात. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पण माझा समज असा, की ही बाई अंगाशी येईल ते टाळते, हुशार आहे.

खोकल्याला तुम्ही अडुळशाचा काढा करायचात. तुम्ही पाठ वळवली की मी तो मोरीत ओतायची. तुम्हाला कळत नाही असं मला वाटायचं. मग एका पावसाळ्यात तुम्ही दोन पेले घेऊन आलात आणि माझ्यापुढे ठेवलेत. "आ मोरी माटे, ने आ तारा माटे," म्हणालात, एक मोरीसाठी आणि एक माझ्यासाठी, आणि समोर फतकल मारून बसलात. मला हसू आलं, पण मी हसले नाही. यातला कुठला पेला तुम्ही आधी चाखला आहे, हे विचारलं. तुम्ही दोन्ही पेल्यांतला एकेक घोट घेतलात. खोकला गेला. श्रेय मी हवा पालटली याला दिलं.

आता केतन.

माझी आई मी लहान असतानाच वारली होती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथेच झालं. सगळं तुम्ही केलंत. शेकशेगडी, तेल, डिंकाचे लाडू, सगळं. मला त्या महिन्यांचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. खोलीत धुरीचा वास. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. दूध येत नव्हतं, मग एकदम इतकं यायचं की ताप चढायचा. मी उगाच रडायची. बाळ रडत नसताना मला रडणं ऐकू यायचं आणि मी उठून त्याच्या नाकापुढे बोट धरायची. आणि मग एक दिवस ते सगळं थांबलं. त्यानंतरचं मला आठवतं ते म्हणजे मी उठते तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं आणि केतन तुमच्या मांडीवर गाढ झोपलेला असतो. रोज. सगळे म्हणायचे, काय शहाणं बाळ आहे!

शहाणं बाळ? माझ्या भावाची मुलं मी पाहिली होती. तान्हं मूल इतकं झोपतं का? पाणी कुठेतरी मुरत होतं.

गुटी तुम्ही पडवीत बसून उगाळायचात. सहाणेवर माझं दूध घ्यायचं, त्यात हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जे काय असेल ते एकेक वळसा फिरवायचं. जायफळानं झोप येते हे मलाही ठाऊक होतं. एखादा वळसा चालतो, जास्त झाला तर मूल मान टाकून पडतं. मी उंबऱ्यात उभी राहून मोजायला बघायची. पण तुमची पाठ आड यायची. इतर वेळी माझ्याकडे तोंड करून मटार सोलणारी बाई, सहाण पुढ्यात आली की पाठ करून बसायची. आणि एकदा मी पाहिलं. केतनला गुटी चाटवून झाली होती, वाटी धुऊन पालथी घातली होती, आणि तुम्ही परत जायफळ घेऊन उगाळत होतात. चांगलं जोर लावून. आणि ते दुसऱ्या वाटीत काढलंत.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"कंई नथी, सुधा. तू आत जा, वारो लागशे."

दुसरी वाटी कुणाची हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. घरात तान्हं एकच होतं. तुम्हाला मूल नव्हतं आणि झोपलेलं बाळ मांडीवरून कुणी उचलून घेत नाही. मी गप्प बसले, कारण बाळंतीण भांडली तर लोक तिलाच वेडी म्हणतात. पण त्या दिवसापासून मी डोळ्यात तेल घालून तुमच्यावर लक्ष ठेवलं. आणि गंमत म्हणजे लक्ष ठेवता ठेवता मलाच झोप लागायची.

रजा संपली आणि माझी बदली उधव्याला झाली. दोन गाड्या बदलून जायचं, परत येईपर्यंत दिवस मावळलेला. केतन दिवसभर तुमच्याकडे. तिकडे मी शाळेत वारल्यांच्या, कोकण्यांच्या पोरांना बाराखडी शिकवत होते आणि इकडे माझं पोर तुमच्याकडून गुजराती बडबडगीतं शिकत होतं. त्याचं नावही तुम्हीच सुचवलेलं. दोन्हीकडे चालेल असं नाव आहे, म्हणालात. दोन्हीकडे म्हणजे कुठे कुठे, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. बोलायला लागला तसा तो तुम्हाला मोठीआई म्हणू लागला. मोठी पण तुम्ही आणि आई पण तुम्ही. माझ्या वाट्याला नुसतं आई उरलं.

त्याला ताप आला की तो तुमच्याकडे धावायचा. दात हलला, तुमच्याकडे. दहावीला गणितात कमी पडले तेव्हा निकाल आधी तुम्हाला दाखवला. बोईसरला नोकरी लागल्याचा फोन आला तोही तुम्हालाच, मी तिथेच शेजारी बसलेली असताना. मी मनाशी म्हणायची, हे सगळं त्या वाटीतलं आहे. झोपेत पाजलेलं कुठे जात नाही.

एकदा मात्र मी तोंड उघडलं. केतनच्या लग्नाची खरेदी करून आपण दोघी डहाणूहून परत आलो होतो. तुम्ही वाडीत चिकू वेचत होतात, हाताला चीक लागलेला. मी म्हटलं, "भाभी, आता तो लग्न करून जाईल. आता तरी सांगा. त्याला किती जायफळ पाजलंत?"

तुम्ही चिकू टोपलीत ठेवलात. खोबरेल घेऊन बोटांचा चीक सावकाश काढत बसलात. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "तू आता चांगली झोपते ने, सुधा?"

मी म्हटलं, विषय बदलू नका. तुम्ही हसलात. मी तरातरा घरात निघून आले.

आणि दोन महिन्यांमागे नात झाली. केतनची बायको श्रुती माहेरचं बाळंतपण उरकून बाळाला घेऊन इथे आली. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, या खेपेला सहाण बाहेर येऊ द्यायची नाही. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटी तर अजिबात नाही. मी ते तुम्हाला ऐकवलं आणि भांडणाला कंबर कसून उभी राहिले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डॉक्टर बराबर कहे छे." आणि स्वतःच सहाण धुऊन वरच्या फळीवर टाकलीत. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. इतकी वर्षं गुटी उगाळलेली बाई एका शब्दाने ऐकते? मी नंतर फळीवर चढून सहाण तिथे आहे ना ते बघून आले. मग तुम्ही रोज श्रुतीच्या दारात उभ्या राहायला लागलात. बाळाकडे बघायचा नाहीत, श्रुतीकडे बघायचात. "ऊंघ आवे छे? झोप येते ने तुला?" हेच रोज. मी म्हटलं, या बाईचं सुरू झालं. आता सुनेवर डोळा.

आणि मग तुम्ही गेलात.

तुम्हाला अग्नी केतनने दिला. भाऊजींना उभं राहवत नव्हतं, शिवाय घरात दुसरा मुलगा कुठला? डोकं भादरून आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला. "आई, मोठीआई गेली गं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आतून जळत होते. मी जिवंत असताना माझ्या मुलाने डोकं भादरलं होतं. ही गोष्ट कुणाला बोलता येत नाही. आज फक्त तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही याची खात्री आहे.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. भाऊजींची झोप उडाली होती. दिवसभर झोपाळ्यावर बसून असायचे, झोका न घेता. परवा दुपारी मला त्यांच्याकडे बघवेना. मी फळीवरून तुमची सहाण काढली. हो, मीच. जायफळ उगाळलं, कोमट दुधात घातलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"फार झालं गं हे. ती तुला द्यायची तेवढंच बस होतं."

"मला?"

"तुलाच ना. केतनच्या वेळी."

मला वाटलं, दुःखाने यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हटलं, "भाऊजी, केतनला द्यायच्या त्या. गुटीत."

"त्याला कुठलं? तो झोपला असता तर काय पायजे होतं! रातभर बोंबलायचा. आम्ही दोघं त्याला घेऊन वाडीत फिरायचो, तू उठू नयेस म्हणून. पहाटे दमून झोपायचा तिच्या मांडीवर. ती बसल्या जागी पेंगायची."

"मला कशाला द्यायचं जायफळ?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की मला ठाऊक आहे.

"तू झोपायचीच नाय. दिवस नाय, रात नाय. मग त्या सकाळी विहिरीवर गेलीस ना."

विहीर मला आठवते, भाभी. मी पाणी आणायला गेले होते. पहाटेचं धुकं होतं, काठ ओला होता आणि तुम्ही मागून येऊन माझा दंड धरलात. इतका घट्ट, की वळ उठले. तोही राग मी मनात ठेवला होता. बाळंतिणीचा दंड कुणी असा धरतं का? मी भाऊजींना म्हटलं, "कळशी घेऊन गेले होते मी पाण्याला."

"कळशी नव्हती, सुधा," भाऊजी म्हणाले. "केतन होता."

मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. मी म्हटलं, बायको गेली, आता तिचं झाकायला माणूस काहीही बोलेल. एका बाजूच्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवतो? माझ्या तोंडावरचं त्यांना वाचता आलं असावं, कारण ते नुसतं म्हणाले, "विहिरीवर जाळी का बसवली मग?" जाळी त्याच आठवड्यात बसली होती. चिकूचा पाला पाण्यात पडून कुजतो, असं तेव्हा मला सांगितलं होतं. वाडी त्यांच्या आजोबांच्या वेळची. पाला त्याआधी पडत नव्हता का, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. मला, जिला पाण्यावरही संशय!

मग मी ह्यांच्याकडे गेले. त्या दिवसांत संध्याकाळचं दूध हेच मला आणून द्यायचे. तुमच्या हातचं मी मोरीत ओतते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पेला ह्यांच्या हातात. मी विचारलं, "माझ्या दुधात काय असायचं?" ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. म्हणजे खरं. "अगं, तू कधी विचारलंच नाहीस," असं पेपरामागून आलं.

तर अशी ती दुसरी वाटी. माझा संशय खरा होता, भाभी. जायफळ जास्तच उगाळलं जात होतं. बाळ शहाणं नव्हतं, मी झोपलेली होते, म्हणून मला ते शहाणं दिसत होतं.

तेव्हापासून मला तुमचा इतका राग येतो आहे की काही हातात घेतलं तरी आपटलं जातं. मला न विचारता माझ्या दुधात घालायचा तुम्हाला काय अधिकार? डॉक्टरकडे न्यायला काय झालं होतं? जायफळानं झोप येते, बाकीचं जात नाही. भाऊजी म्हणतात, सासूबाईंना भीती होती, पोरीचं नाव खराब होईल, नोकरी जाईल, शाळेत कळेल. तुम्ही डॉक्टरचं नाव काढलंत तेव्हा त्या आडव्या पडल्या म्हणे. मग तुमच्या हाताशी राहिलं काय? एक जायफळ आणि तुमची स्वतःची झोप. औषध त्यातलं कुठलं लागू पडलं हे मला आता कळतं. तुम्ही महिनोन्‌महिने जागलात, आणि मी सकाळी डोळे चोळत उठून तुमच्या मांडीकडे जळफळत बघायची.

आणि तुम्ही सांगितलं का नाहीत! मी तुम्हाला चोर ठरवत होते, तोंडावर. एका वाक्यात सुटला असतात. पण त्या वाक्यानंतर मी विचारलंच असतं, मला कशाला? आणि मग तुम्हाला विहीर सांगावी लागली असती. तुम्ही चोर राहिलात. मी माझ्या मुलाला घेऊन कुठे उभी होते, हे मला कळू नये म्हणून तुम्ही चोर राहिलात, भाभी. माझी आई असती तर तिने तरी इतकं केलं असतं की नाही, मला शंका आहे. बघा, तिथेही शंकाच.

मी रडले. खूप रडले. श्रुतीने विचारलं, काय झालं आई? मी म्हटलं, धुराने. गॅसवर कसला धूर, असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण बिचारी बोलली नाही.

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. तुम्ही बघायचात तसं. डोळे खोल गेलेले, वेणी घातलेली नाही, बाळ झोपलेलं असताना ही त्याच्या छातीवर हात ठेवून बसलेली. तिला दुसऱ्याच दिवशी डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. बाईंनी तिला एकटीला आत बसवून बराच वेळ बोलतं केलं, पुन्हा यायला सांगितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, घरच्यांनी हिला झोपू द्या, बाळाचं तुम्ही बघा. मी म्हटलं, ते आमच्या घरात येतं लोकांना.

काल दुपारी तिचं पाजून झाल्यावर मी बाळ उचललं. श्रुती म्हणाली, राहू द्या आई. मी दार ओढून घेतलं. काही उगाळलं नाही, कुणाला काही दिलं नाही. नुसतं पोर खांद्यावर टाकून वाडीत गेले. काय ओरडते, भाभी! बापावर गेली आहे. भाऊजी झोपाळ्यावरून उठले आणि माझ्याबरोबर चालू लागले. कुठून वळायचं, कुठे फांदी खाली आली आहे, त्यांच्या पायांना सगळं पाठ होतं. माझी कंबर मोडली, हात भरून आले. ऊन उतरता उतरता पोरीने एकदाचे डोळे मिटले आणि आम्ही पडवीत येऊन बसलो.

श्रुती उठली ती घाबरूनच. धावत बाहेर आली. गालावर उशीच्या सुरकुत्या उठलेल्या, कितीतरी दिवसांनी झोपलेल्या माणसाचा चेहरा. तिने माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. गाढ झोपलेलं, तोंड उघडं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, ही एवढी कशी झोपली?" तिचा आवाज बदललेला होता. "तुम्ही काही पाजलं नाहीत ना हिला?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. ती नव्हती झोपली, बाई, तू झोपली होतीस. पण तसं म्हटलं असतं तर पुढचं आलंच असतं, मला का झोपवलंत, मला काय झालंय, तुम्ही सगळे माझ्याकडे असं का बघता. मी काही बोलले नाही, हसले. माझं हसणं तिला आवडलं नाही. तिने बाळ माझ्याकडून काढून घेतलं आणि माझ्यादेखत त्याचं तोंड हुंगून पाहिलं.

मी तिला हुंगू दिलं.